चेरोकी नाटककाराच्या नाटकातले चेरोकी कुठे गेले? : लिन रिग्ज वाचताना

‘ओक्लाहोमा!’ हे नाव इंग्रजी साहित्याच्या किंवा नाट्यशास्त्राच्या विद्यार्थ्याच्या कानावरून कधी ना कधी गेलेलं असतं. रॉजर्स आणि हॅमरस्टीन या जोडीचं हे संगीत नाटक ३१ मार्च १९४३ रोजी ब्रॉडवेवर आलं आणि त्याचे सलग २,२१२ प्रयोग झाले. अमेरिकन संगीत नाटक ‘या आधीचं’ आणि ‘या नंतरचं’ असं शिकवलं जातं, इतकं त्याचं महत्त्व. शेतकरी, गुराखी, एक मुलगी, तिच्यावर जीव असलेले दोघं, लग्न, नाच आणि लवकरच ‘राज्य’ होऊ घातलेला प्रदेश, अशी साधीच गोष्ट आहे.

ही गोष्ट मुळात लिन रिग्ज या नाटककाराची. १९३१ साली ब्रॉडवेवर आलेल्या त्याच्या ‘ग्रीन ग्रो द लायलॅक्स’ या नाटकावरून ‘ओक्लाहोमा!’ बेतलं गेलं. रिग्ज चेरोकी होता, आणि नाटक घडतं तेही चेरोकी राष्ट्राच्या जमिनीवर, त्याच्या स्वतःच्या गावाच्या आसपास. तरी ‘ओक्लाहोमा!’ पाहून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकाला तिथे चेरोकी नावाचे लोक राहत होते याचा पत्ताही लागत नाही.

आता यावर प्रबंध लिहायचा झाला तर पहिलं वाक्य सगळ्यांना एकच सुचतं : ‘गोऱ्या रंगभूमीने चेरोकींना पुसून टाकलं.’ वाक्य चूक नाही, पण प्रबंधाच्या दृष्टीने ते फार लवकर संपतं. कारण लगेच कुणीतरी विचारणार, मूळ नाटकात तरी ते होते का? पात्रयादी उघडून बघा. ‘चेरोकी’ अशी ओळख दिलेलं एकही प्रमुख पात्र तिथे नाही. मग पुसलं काय? खरं संशोधन इथून सुरू होतं, आणि संशोधनाकडे वळणाऱ्यांनी रिग्ज का वाचावा, तर याचसाठी.

आधी एका शब्दाचा निकाल लावू. ‘चेरोकी नेशन’चं मराठीत आपण सहज ‘चेरोकी जमात’ करतो. कृपा करून करू नका. १८२७ मध्ये चेरोकींनी स्वतःची लिखित राज्यघटना केली होती. त्याच्या काही वर्षं आधी सिक्वोया या माणसाने त्यांच्या भाषेसाठी लिपी बनवली. आपल्या बाराखडीसारखी, एका चिन्हाला एक अक्षर असा हिशेब. १८२८ पासून ‘चेरोकी फीनिक्स’ हे इंग्रजी आणि चेरोकी अशा दोन्ही भाषांतलं वृत्तपत्र निघू लागलं. विधिमंडळ होतं, न्यायालयं होती, पुढे मुलींचं उच्च शिक्षणाचं विद्यालयही निघालं. ‘जमात’ म्हटलं की हे सगळं डोळ्यांसमोरून जातं आणि उरतात फक्त पिसं लावलेले लोक. राष्ट्र म्हटलं तरच पुढे काय मोडलं ते कळतं. (या राष्ट्रात काळ्या गुलामांचे मालक असलेले चेरोकीही होते. राष्ट्र म्हणजे सगळं सोज्ज्वळ, असंही नाही.)

हे राष्ट्र मुळात आग्नेयेकडे, जॉर्जिया-टेनेसीच्या पट्ट्यात होतं. १८३० च्या कायद्याने आणि १८३५ च्या एका वादग्रस्त कराराने त्यांना तिथून उठवलं. १८३८-३९ च्या हिवाळ्यात सुमारे सोळा हजार माणसांना पश्चिमेकडे हाकलण्यात आलं. त्यात चारेक हजार मेली असा अंदाज सर्वसाधारणपणे दिला जातो. जिथे पोचले त्या भागाला ‘इंडियन टेरिटरी’ म्हणत. तिथे त्यांनी सरकार, शाळा, छापखाना पुन्हा उभा केला. रिग्जचा जन्म याच दुसऱ्या घरातला.

आता एक युक्ती सांगतो, आमच्याकडे ती फार वापरतात. कागदावर दोन रकाने आखा. डावीकडे लेखकाच्या आयुष्यातल्या तारखा आणि उजवीकडे कायद्याच्या. एकमेकांसमोर नुसत्या ठेवल्या की पुष्कळ काम होतं.

रिग्जसाठी हे करून बघू. डावीकडे : जन्म ३१ ऑगस्ट १८९९, क्लेअरमोर गावाजवळच्या शेतावर. उजवीकडे : १८९८ चा कर्टिस कायदा. या कायद्याने चेरोकी राष्ट्राची न्यायालयं बंद झाली आणि सामाईक जमिनीचे तुकडे पाडून माणशी नावावर करायची वाट मोकळी झाली. म्हणजे पोरगं जन्मलं तेव्हा त्याच्या राष्ट्राचा न्याय आधीच काढून घेतलेला होता.

डावीकडे : तो दोन वर्षांचा असताना आई विषमज्वराने गेली. आई चेरोकी वंशाची होती, आणि तिनेच मुलाच्या नावावर वाटपातली जमीन होईल अशी तजवीज करून ठेवली होती. उजवीकडे : डॉज आयोगाच्या याद्या. या याद्यांत प्रत्येक माणसाच्या नावापुढे ‘रक्ताचं प्रमाण’ लिहिलं जाई, अर्धा, पाव, एक अष्टमांश. रिग्जच्या आईच्या बाबतीत ते एक अष्टमांश सांगितलं जातं. नागरिकत्व अपूर्णांकात मोजायची ही रीत चेरोकींची नव्हती, वाटप करणाऱ्या सरकारची होती. पुढे हीच जमीन रिग्जला लिहिण्याच्या दिवसांत उपयोगी पडली. राष्ट्राची जमीन मोडून जो तुकडा हातात आला, त्यावर त्याचं लेखन काही काळ उभं राहिलं. यात उपहास शोधायचा तर शोधा. मला त्यात आधी हिशेब दिसतो.

डावीकडे : वडिलांनी दुसरं लग्न केलं. सावत्र आईही चेरोकी वंशाचीच, पण तिच्याशी पोराचं जमलं नाही. तो बराचसा मेरी आत्याच्या आधाराने वाढला. ‘आंट एलर’ हे पात्र या आत्यावरून घेतलं असं मानतात. उजवीकडे : १९०५ मध्ये मस्कोगी गावी पाच राष्ट्रांच्या प्रतिनिधींनी एकत्र येऊन ‘सिक्वोया’ नावाचं स्वतःचं वेगळं राज्य मागितलं. त्याची घटनाही लिहून काढली. वॉशिंग्टनने लक्ष दिलं नाही. १६ नोव्हेंबर १९०७ ला ओक्लाहोमा राज्य झालं.

त्या दिवशी रिग्ज आठ वर्षांचा होता.

त्यानंतर चेरोकी राष्ट्राचा प्रमुख कोण, हे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ठरवू लागले. पुष्कळदा एखाद्या कागदावर सही हवी म्हणून तात्पुरता प्रमुख नेमायचा, सही झाली की संपलं. चेरोकींनी पुन्हा मतदान करून आपला प्रमुख निवडला तो १९७१ मध्ये. रिग्ज वारला १९५४ मध्ये. म्हणजे त्याच्या सगळ्या लिहित्या आयुष्यात त्याच्या राष्ट्राला स्वतःचं निवडलेलं सरकार नव्हतं. हे वाक्य मी मुद्दाम सुटं ठेवतोय, कारण आता नाटकाकडे जायचंय आणि ते सोबत लागेल.

मधला काळ भराभर सांगतो. शाळा क्लेअरमोरला. मग शिकागो, न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस अशी भटकंती. कधी मुद्रितं तपासायची, कधी सिनेमात गर्दीतला माणूस. १९२० मध्ये ओक्लाहोमा विद्यापीठात प्रवेश, तिथे शिकवणंही. कविता छापून यायला लागल्या. १९२३ मध्ये क्षय निघाला म्हणून कोरड्या हवेच्या सांता फे शहरात गेला आणि तिथल्या कवी-चित्रकारांच्या मेळ्यात राहून नाटकाकडे वळला. १९२७ मध्ये न्यूयॉर्कला ‘बिग लेक’ झालं. १९२८ मध्ये गुगेनहाइम पाठ्यवृत्ती मिळाली, तो फ्रान्सला गेला. ‘ग्रीन ग्रो द लायलॅक्स’ लिहिलं ते तिथे, घरापासून हजारो मैलांवर. १९३० मध्ये ‘द आयर्न डिश’ हा कवितासंग्रह आला. म्हणजे कवी आणि नाटककार या दोन्ही ओळखी एकाच सुमाराला पक्क्या झाल्या.

‘लायलॅक्स’ २६ जानेवारी १९३१ ला ब्रॉडवेवर आलं. ६४ प्रयोग झाले. फार नाही, पण नाव झालं. फेरीवाल्याचं काम केलं होतं ली स्ट्रासबर्ग यांनी, ज्यांना आपण पुढे ‘मेथड ॲक्टिंग’च्या धड्यात भेटतो. परीक्षेत कुणी विचारणार नाही, पण लक्षात राहतं.

नाटकाचा काळ आहे १९००. कर्ली नावाचा गुराखी आणि लॉरी यांचं प्रेम. लॉरीच्या शेतावरचा गडी जीटर तिच्या मागे. लग्नाच्या रात्री गावातली पुरुषमंडळी प्रथेप्रमाणे नवरा-नवरीला छळायला येतात, त्यांना गवताच्या गंजीवर चढवतात. जीटर जळता पलिता घेऊन येतो, झटापट होते आणि तो स्वतःच्याच सुरीवर पडून मरतो. कर्लीला तुरुंगात टाकतात. सुनावणीच्या आदल्या रात्री तो पळून घरी येतो, त्याला पकडायला गावकऱ्यांचीच टोळी दारात येऊन उभी राहते.

आता शेवटचा प्रसंग नीट वाचा. आंट एलर त्या टोळीला दटावते. तुम्ही केंद्राच्या मार्शलची बाजू अशी घेताय जणू आपण अमेरिकेत राहतो, माझ्या लेखी तो परका मुलूख आहे, असा तिच्या बोलण्याचा रोख. गावकरी वरमतात. एकजण सांगू लागतो की आम्ही काही परके नव्हेत, माझे आईबाप इंडियन टेरिटरीतच जन्मलेले. आणि लगेच दुसरे सांगू लागतात की आमच्या अंगात इंडियन रक्त आहे, हवं तर सिद्ध करून दाखवतो. चार-पाच वाक्यांचा मामला. प्रेक्षक हसतो, नाटक पुढे सरकतं.

हा विनोद उजव्या रकान्याशेजारी ठेवून बघा. साल १९००. दोन वर्षांपूर्वी चेरोकी न्यायालयं बंद झाली आहेत. आता पकडायचं कुणी, खटला चालवायचा कुणी, हा प्रश्न त्या दारात उभ्या असलेल्या प्रत्येकासाठी ताजा आहे. ‘मार्शल’ म्हणजे तिथे नुसता पोलीस नव्हे, बाहेरच्या सरकारचा हात आहे. आणि ‘सिद्ध करून दाखवतो’ हे वाक्य? डॉज आयोगासमोर माणसं नेमकं तेच करत होती, साक्षीदार उभे करून आपण कोण ते सिद्ध करत होती. सिद्ध झालं तर जमीन, नाहीतर काही नाही. त्यामुळे खोटे दावे करणाऱ्या गोऱ्यांचीही तिथे रीघ लागली होती. एका हशात एवढं सगळं दडलंय.

आता थांबा. मोह इथेच होतो. ‘म्हणजे कर्ली, लॉरी, आंट एलर सगळे चेरोकीच, रिग्जने ते लपवलं!’ काही अभ्यासक या दिशेला बरेच पुढे गेले आहेत. पण १९०० च्या इंडियन टेरिटरीत गोऱ्यांची संख्या मूळ राष्ट्रांच्या नागरिकांपेक्षा कितीतरी पट जास्त झाली होती. त्यातले कित्येक परवान्यावर आलेले, कित्येक तर बिनपरवाना घुसलेले. म्हणजे त्या दारातला एखादा गावकरी चेरोकी असण्याची शक्यता आहे, तशीच तो कुणाच्या तरी जमिनीवर बसलेला उपरा असण्याचीही आहे. नाटक याचा निर्णय देत नाही. आणि माझ्या मते निर्णय न देणं हाच त्या प्रसंगाचा कणा आहे. कोण आपला, कोण परका हे कुणालाच धड सांगता येऊ नये, अशी वेळ त्या प्रदेशावर आणली गेली होती. पात्रांना चेरोकी ठरवून टाकलं की हा ताण निघून जातो, आणि गोरं ठरवून टाकलं तरी जातोच.

(गाईडसमोर हे मांडताना ‘टेक्स्ट ॲम्बिग्युअस आहे’ एवढ्यावर थांबू नका. कशामुळे संदिग्ध आहे, कोणत्या कायद्यामुळे, कोणत्या वर्षी, ते सांगा. नाहीतर संदिग्धता ही आळसाची पळवाट होते.)

आता ‘ओक्लाहोमा!’ पुन्हा बघा म्हणजे नेमकं काय पुसलं ते दिसेल. आंट एलरचा तो परक्या मुलखाचा मुद्दा गेला. त्याच्या जागी राज्य होण्याचा उत्साह आला आणि शीर्षकगीत तर त्या नव्या राज्याचं गुणगानच आहे. मूळ नाटकात कर्लीला एक रात्र मिळते, सकाळी त्याला परत जायचंय, पुढे काय होईल ते उघडंच राहतं. संगीत नाटकात तिथल्या तिथे घरातच सुनावणी उरकतात, तो निर्दोष सुटतो, नवं जोडपं बग्गीत बसून निघतं. म्हणजे रिग्जच्या नाटकातली जी गोष्ट सुटत नव्हती, तीच सोडवून टाकली. चेरोकी पात्रं काढून टाकायची गरजच पडली नाही. कायद्याबद्दलचा प्रश्न काढला, त्याबरोबर चेरोकी गेले.

हे सगळं झालं तेव्हा रिग्ज सैन्यात भरती झालेला होता. रूपांतराच्या लेखनात त्याचा हात नाही, मानधनाचा वाटा मात्र मिळत राहिला. १९४४ मध्ये ‘ओक्लाहोमा!’ला विशेष पुलित्झर मिळालं. १९५३ मध्ये त्याचं शीर्षकगीत ओक्लाहोमाचं अधिकृत राज्यगीत झालं. १९०५ मध्ये ज्यांनी वेगळं राज्य मागितलं त्यांच्या एका मुलाच्या नाटकातून, त्यांना नको असलेल्या राज्याचं गीत निघालं. १९५५ मध्ये सिनेमा आला. तो चित्रित केला प्रामुख्याने ॲरिझोनात, कारण खरं ओक्लाहोमा तोवर तेलविहिरींनी भरून गेलं होतं.

रिग्जने आपल्या लोकांबद्दल उघडपणे कधी लिहिलंच नाही का? लिहिलं. ‘द चेरोकी नाइट’. ‘लायलॅक्स’च्या सुमारासच ते त्याच्या डोक्यात होतं. १९२९ च्या एका पत्रात त्याने लिहिलंय की चेरोकींवर आणि त्यांच्या वंशजांवर जी रात्र आली आहे, जो अंधार आहे, त्याबद्दल हे नाटक असेल. १९३२ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या हेजरो थिएटरने ते केलं. ब्रॉडवेच्या व्यावसायिक रंगमंचाला ते कधीच मानवलं नाही, आणि वाचलं की कारण कळतं.

सात प्रवेश, आणि त्यांचा कालक्रम विस्कटलेला. सुरुवात १९१५ मध्ये. क्लेअरमोरच्या टेकडीवर तरुण पोरं सहलीला आली आहेत. टेकडी साधी नाही. १८१७ मध्ये चेरोकींनी तिथे ओसेज लोकांची कत्तल केली होती. म्हणजे नाटक चेरोकींना निव्वळ बळी म्हणून सुरू होत नाही, त्यांच्याही पायाखाली कुणाचं तरी रक्त आहे. पुढचे प्रवेश १९३१ पर्यंत जातात, पुन्हा मागे येतात. १९०६ सालच्या एका प्रवेशात तीन लहान मुलं एका काळ्या माणसाचा खून झालेल्या जागी येतात आणि ती हिंसा खेळता खेळता त्यांच्या अंगात शिरते. मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारा प्रवेश तोच. शेवटचा प्रवेश १८९५ चा. म्हाताऱ्या ग्रे-वुल्फच्या झोपडीत एक जखमी फरारी चेरोकी आसऱ्याला येतो, मागोमाग गोऱ्यांची टोळी येते आणि त्याला मारते. पुन्हा दारात टोळीच. पण इथे दटावणारी आंट एलर नाही.

‘लायलॅक्स’चा शेवट आणि ‘चेरोकी नाइट’चा शेवट एकमेकांशेजारी ठेवा. दोन्हींत घर, आत लपलेला माणूस, बाहेर कायद्याच्या नावाने आलेले लोक. एकात हसत हसत एक रात्र मागून घेतात, दुसऱ्यात गोळी चालते. माझ्या मते रिग्ज एकच प्रसंग दोनदा लिहीत होता. एकदा तिकीट काढणाऱ्यांसाठी, एकदा स्वतःसाठी. हे माझं वाचन आहे, खोडून काढायचं तर काढा. पण मग दोन्ही नाटकं वाचून काढा.

‘चेरोकी नाइट’वर अभ्यासकांचं एकमत नाही, आणि तो वाद खरा आहे. नाटकातली बरीचशी माणसं ‘रक्त पातळ झाल्यामुळे’ हरवल्यासारखी वागतात. तेव्हा एक बाजू म्हणते : हा तर ‘इंडियन संपत आले’ याच जुन्या गोऱ्या समजुतीला दिलेला दुजोरा. डॉज आयोगाचा अपूर्णांक रिग्जने मनावर घेतला. दुसरी बाजू म्हणते : मग क्रम का विस्कटला? सरळ ऱ्हास दाखवायचा असता तर १८९५ पासून १९३१ पर्यंत उतरत आला असता. शेवट मागे नेऊन ठेवला म्हणजे ‘हे आपोआप झालं नाही, गोळी घालून केलं गेलं’ असं तो सांगतोय. मी दुसऱ्या बाजूकडे झुकतो, पण पहिलीचं म्हणणं पूर्ण उडवून लावता येत नाही. रक्ताची भाषा नाटकात आहे, ती दिसत नसल्यासारखं करून चालणार नाही.

पोटासाठी रिग्जने हॉलिवूडमध्येही लिहिलं. १९३६ च्या ‘द प्लेन्समन’ या सेसिल डिमिलच्या चित्रपटाच्या पटकथालेखकांत त्याचं नाव आहे, आणि त्यात इंडियन म्हणजे अंगावर येणारा शत्रू. भाडं भरायचं असतं. यावरून त्याला नैतिक गुण देण्या-काढण्यात मला रस नाही. पण प्रबंधात हा चित्रपट टाळून पुढे जाऊ नये, एवढं नक्की.

तो समलिंगी होता, आणि त्या काळात ते उघड सांगण्याची सोय नव्हती. मस्कोगी-चेरोकी अभ्यासक क्रेग वोमॅक यांनी ‘रेड ऑन रेड’ (१९९९) या पुस्तकात याच बाजूने त्याला वाचलं. लपवणं, सूचक बोलणं, दोन अर्थ राखणं ही त्याची लेखनरीत या दुहेरी लपण्यातून घडली, असा त्यांच्या मांडणीचा ढोबळ सूर. यामुळे ‘नाटकात चेरोकी का दिसत नाहीत’ हा प्रश्न एकदम वेगळा होतो. न दिसणं हे काही वेळा लेखकाचं कसबही असतं.

अभ्यासाचा इतिहासच बघा ना. १९५४ मध्ये न्यूयॉर्कला पोटाच्या कर्करोगाने रिग्ज गेला, क्लेअरमोरला पुरला. पुढची तीसेक वर्षं तो ‘ओक्लाहोमा!’च्या तळटीपेत होता, ‘प्रादेशिक लोकनाट्यकार’ म्हणून. १९८८ मध्ये फिलिस ब्राउनलिक यांनी पत्रांच्या आधारे चरित्र लिहिलं. १९९७ मध्ये जेस वीव्हर यांनी त्याला चेरोकी लेखकांच्या परंपरेत आणून बसवलं, मग वोमॅक. २००३ मध्ये ‘चेरोकी नाइट’ इतर नाटकांसह पुन्हा छापलं गेलं. डॅनियल हीथ जस्टिस, जेम्स कॉक्स, आणि २०१८ मध्ये कर्बी ब्राउन. ब्राउन यांचा प्रश्न तर थेट आपल्या उजव्या रकान्यातला आहे : १९०७ नंतर, राष्ट्राचं सरकार नसताना, चेरोकी लेखकांनी राष्ट्र ही कल्पना कशी जिवंत ठेवली?

यातले बरेचसे अभ्यासक स्वतः मूळ राष्ट्रांतले आहेत. नाटक तेच होतं. वाचणारे बदलले आणि ते चार-पाच वाक्यांचे विनोद अचानक दिसू लागले. ‘रिसर्च गॅप’ म्हणजे ज्यावर कुणी लिहिलं नाही असा विषय, असं आपल्याकडे घोकून घेतात. रिग्जवर लिहिलेलं होतं, पण १९०० साली क्लेअरमोरमध्ये कायदा कुणाचा होता हा प्रश्न कुणी नाटकाला विचारला नव्हता. सिनॉप्सिसमध्ये ‘या विषयावर संशोधन झालेले नाही’ हे वाक्य लिहिताना हे एकदा आठवा. ते वाक्य समितीतल्या कुणाला ना कुणाला पाच मिनिटांत खोडता येतं.

ज्यांना यात उतरायचंय त्यांनी आधी दोन्ही नाटकं वाचा, ‘ओक्लाहोमा!’ नंतर बघा. उलट केलंत तर गाणी डोक्यातून जात नाहीत आणि मूळ संवाद त्या चालीतच ऐकू येतात. रिग्जची कागदपत्रं येल विद्यापीठाच्या बायनेकी ग्रंथालयात आहेत. इथून तिथे जाणं सगळ्यांना जमणारं नाही, पण बायनेकीच्या याद्या घरबसल्या पाहता येतात आणि पत्रांचा मोठा भाग ब्राउनलिक यांच्या चरित्रातून हाती लागतो. डॉज याद्याही ऑनलाइन आहेत. त्यांतलं एखादं पान उघडून ‘रक्त’ असा रकाना आणि त्याखालचे अपूर्णांक स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

आणि एक ताजी गोष्ट. ९ जुलै २०२० रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मॅकगर्ट खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला, की मस्कोगी राष्ट्राचं राखीव क्षेत्र काँग्रेसने कधी रद्दच केलेलं नाही. ओक्लाहोमा राज्य झालं म्हणून ते आपोआप गेलं असं होत नाही. २०२१ मध्ये ओक्लाहोमाच्या फौजदारी अपील न्यायालयाने हेच तत्त्व चेरोकी राष्ट्राला लावलं. क्लेअरमोर त्याच क्षेत्रात येतं. परिणाम असा, की तिथल्या गुन्ह्यात आरोपी मूळ राष्ट्राचा नागरिक असेल तर खटला राज्याने चालवायचा नाही. तो राष्ट्राच्या किंवा केंद्राच्या न्यायालयात जाणार. २०२२ मध्ये आणखी एका निकालाने काही प्रकरणांत राज्याला वाटा परत मिळाला, आरोपी बिगर-इंडियन आणि पीडित इंडियन असेल तर. वाद अजून चालूच आहे.

म्हणजे जीटर आज त्या गंजीखाली मेला असता, तर क्लेअरमोरच्या वकिलाने सगळ्यात आधी हेच विचारलं असतं, की कर्ली चेरोकी आहे का, आणि असेल तर ते सिद्ध करता येईल का?